आपल्या अमरावतीत पाकिस्तानी जेवण भेटते काय?

राजेहो, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

मागच्या आठवड्यात माझ्या भाच्यानं दुबईहून एक फोटो टाकला. स्टीलच्या टेबलावर कढई गोश्त, तंदूरची रोटी, बाजूला उभा चिरलेला कांदा आणि लिंबू. वर लिहिलं होतं, "लाहोरी कढई, एक नंबर." पोरगा दर्यापूर तालुक्यातला, तिकडे एसी दुरुस्तीचं काम करतो. अर्ध्या तासात गावाकडच्यांच्या कमेंटा सुरू झाल्या. "काहून बे, हिंदुस्थानी हॉटेलं बंद पडले काय दुबईतले?" "जवान मरून रायले अन् हा गोश्त खाऊन रायला." दोघातिघांनी तर सरळ देशद्रोहीच ठरवलं. रात्री माझ्या बहिणीनं त्याला फोन केला, आणि पोरानं फोटो काढून टाकला.

त्या कमेंटींमध्ये एक प्रश्न होता, तो माझ्या डोक्यात राहिला. कोणीतरी लिहिलं होतं, "आपल्या अमरावतीत पाकिस्तानी जेवण भेटलं असतं, त खाल्लं असतं काय रे तू?"

भाऊ, भेटते. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपासून भेटते. तुम्हीही खाल्लंय, मीही खाल्लंय. कुठं आणि कसं, ते सांगतो. पण आधी दुबईचं पाहू.

दुबईत सतवा नावाचा भाग आहे. तिथं 'रावी' नावाचं पाकिस्तानी हॉटेल १९७८ पासून चालू आहे. नाव त्या पंजाबातल्या नदीचं, जिच्या काठी लाहोर वसलंय. २०२२ मध्ये आदिदास कंपनीनं ह्या हॉटेलच्या नावाचा बूट काढला होता, इतकं ते त्या शहरात मानलेलं ठिकाण आहे. तिथं कोण जेवतं? मल्याळी, पठाण, फिलिपिनो, अरब, गोरे पर्यटक, आणि आपल्याकडची पोरं. अशी लहान लहान पाकिस्तानी हॉटेलं त्या शहरात गल्लोगल्ली आहेत. भाचा ज्या हॉटेलात जातो ते असंच एक साधं. मी त्याला फोनवर विचारलं, बाबा तिथंच काहून जातोस? तो म्हणाला, "मामा, ड्युटी सुटते रात्री बाराले. तवा एकतर बर्गर भेटते, नाहीतर हे. इथं दाल भेटते, गरम रोटी भेटते, अन् तो लाहोरचा बुढा रोटीचे पैसे मोजत नाही." दिवसभर पन्नास डिग्रीत छतावर चढून काम केलेल्या पोराला रात्री बारा वाजता गरम रोटी कोण देतंय, हा प्रश्न त्याच्यासाठी परराष्ट्र धोरणाच्या आधी येतो. आणि तो दाल-रोटी खातो त्याची चव ओळखीची आहे म्हणून. मोठ्या परक्या शहरात माणूस जिभेनं घर शोधतो, आणि ते घर कधी कधी शेजारच्या देशातल्या माणसाच्या तव्यावर सापडतं.

लंडनमध्येही हेच आहे. व्हाइटचॅपल भागातलं 'तय्यब्स' हे पंजाबी कबाबांचं हॉटेल १९७२ पासूनचं. तिथं बाहेर रांगेत उभे असलेल्यांत पुण्या-मुंबईकडचे मराठी आयटीवालेही असतात. उलट गंमत अशी की इंग्लंडात ज्या हजारो हॉटेलांवर 'इंडियन' अशी पाटी आहे, त्यांतली बहुतेक बांगलादेशातल्या सिल्हेटकडच्या लोकांनी काढलेली आहेत. पाटी आपल्या देशाची, स्वयंपाकी दुसऱ्या देशाचा, गिऱ्हाईक तिसऱ्याच. आपण मात्र 'ब्रिटनमध्ये भारतीय जेवणाचा डंका' म्हणून तीच बातमी मोठ्या अभिमानानं फॉरवर्ड करतो. तेव्हा कोणी पासपोर्ट तपासत नाही.

आणि 'पाकिस्तानी जेवण' म्हणजे तरी काय हो? निहारी घ्या. रात्रभर मंद आचेवर शिजवायची आणि पहाटे खायची ही चीज जुन्या दिल्लीची आणि लखनौची. १९४७ मध्ये दिल्लीहून कराचीला गेलेले लोक ती सोबत घेऊन गेले. आता ती पाकिस्तानची शान म्हणून दुबईत विकली जाते. इकडं उलटा प्रवास झाला. पेशावरातल्या 'मोती महल'मध्ये तंदूर लावणारे कुंदनलाल गुजराल आणि त्यांचे सोबती फाळणीत दिल्लीला आले, दर्यागंजात त्यांनी हॉटेल काढलं, आणि तंदुरी चिकन तिथून सगळ्या देशात पसरलं. आज बडनेऱ्याहून मूर्तिजापूरकडं निघा. तो आपला विश्वविक्रमी रस्ता (२०२२ मध्ये पंच्याहत्तर किलोमीटर डांबर साडेपाचएकशे मिनिटांत नाही हो, एकशेपाच तासांत टाकलं म्हणून गिनीज बुकात गेलेला). त्या रस्त्यावरच्या ढाब्यावर बटर नान आणि तंदुरी मुर्गी मागवताना पेशावर आठवतं का कोणाला? आठवायची गरजही नाही. भूक लागलेली असते.

आता आपल्या घरात येऊ.

१९४८ च्या जानेवारीत कराचीत मोठी दंगल झाली. तोवर सिंधमधले हिंदू बऱ्यापैकी जागीच थांबलेले होते, त्यानंतर मात्र लोंढे निघाले. जहाजानं मुंबईला, आगगाडीनं राजस्थानमार्गे, जसं जमेल तसं. पंजाबची आणि बंगालची निदान फाळणी होऊन अर्धा अर्धा प्रांत वाट्याला आला. सिंध अख्खा तिकडं राहिला. म्हणून सिंधी माणसाला 'माझं राज्य' असं दाखवायला भारताच्या नकाशावर जागाच नाही. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवलेल्या लोकांतून उल्हासनगर झालं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण बरेच लोक आपल्याकडंही पोचले. तेव्हा आपण सीपी अँड बेरार प्रांतात होतो, राजधानी नागपूर. नागपुरात जरीपटका वसलं, अमरावतीत रामपुरी कॅम्प, अकोल्यात सिंधी कॅम्प. नावातला 'कॅम्प' अजून गेलेला नाही. अकोल्याच्या सिंधी कॅम्पात आजही 'पक्की खोली' हा पत्ता आहे. रिक्षावाल्याला म्हणा पक्की खोली, तो बरोबर नेऊन सोडतो. कोणे एके काळी तिथं पक्की खोली असणं हीच मोठी गोष्ट होती, ती पत्त्यात उरली.

ह्या लोकांनी येताना काय आणलं? दागिने वाटेत गेले, घरं-जमिनी तिकडं राहिल्या. हातात उरली ती पापडाची, पकवानाची रीत.

दाल पकवान ज्यांनी खाल्लं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मैद्याची मोठी, पातळ, जिरं-मिरं घातलेली पुरी, न फुगणारी, पापडासारखी कडक तळलेली. हे पकवान. त्याच्यासोबत हरभऱ्याची डाळ, दाणा अख्खा दिसेल पण बोटानं दाबला की मऊ, अशी शिजवलेली. वरून चिंचेची चटणी, हिरवी चटणी, बारीक कांदा. रविवारी सकाळी सिंधी वस्तीत जा, गाड्याभोवती उभे असलेल्यांत पाटील, देशमुख, इंगोले, वानखडे सगळे सापडतील. आमच्यासारखे तर्री-पोह्याचे भक्त महिन्यातून एकदा हमखास तिकडं वळतात. पकवान मोडताना जो आवाज येतो तो ऐकून बाजूचा माणूस पण एक प्लेट सांगतो.

सिंधी कढी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मी हसलो होतो. ताकाविना कढी? वऱ्हाडात कढी म्हणजे ताक, आणि सोबत फुणके. सिंध्यांची कढी बेसन तेलावर खमंग भाजून, चिंच घालून, त्यात भेंडी, गवार, शेवग्याच्या शेंगा सोडून करतात आणि भाताबरोबर खातात. आमच्या शेजारच्या सिंधी काकू आईला म्हणायच्या, "ताई, ताक कहाँ से लाते, म्हैस तर तिकडंच राहिली." त्या हसत म्हणायच्या. मला वाटतं तो विनोदच होता, कारण चिंचेची कढी सिंधमध्येही तशीच होते. पण आई त्या दिवसापासून दर मंगळवारी त्यांच्याकडं ताकाचा तांब्या पाठवायला लागली, तो काकू जाईपर्यंत चालू होता.

साई भाजी म्हणजे पालक, चुका, शेपू आणि हरभऱ्याची डाळ एकत्र घोटलेली. वऱ्हाडी बाईला ही भाजी समजवावी लागत नाही, आपल्याकडं आंबट चुका आणि डाळ घोटून तीच पुढं जाते. कोकी म्हणजे कांदा-मिरची मळून केलेली जाड पोळी, प्रवासात दोन दिवस टिकणारी. ज्वारीच्या भाकरीला सिंधीत डोडो म्हणतात. म्हणजे तिकडच्या गरिबाचं पोटही ज्वारीवरच होतं, आणि इकडंही. होळीला ते घियर करतात, ताटाएवढी जिलेबी. श्रावणात थदडीला चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं थंड खातात.

आता सांगा. सिंध पाकिस्तानात आहे. दाल पकवान, कोकी, साई भाजी सिंधची. मग हे पाकिस्तानी जेवण झालं की नाही? आणि झालं असेल तर रामपुरी कॅम्पाच्या गाड्यावर उभे राहणारे आपण सगळे कोण झालो?

अजून एक नाव घेतो, मग तुमच्या घशाखाली घास अडकेल. शेगावची कचोरी. गजानन महाराजांच्या दर्शनाला गेलेला माणूस प्रसाद घेतो आणि स्टेशनवर कचोरी घेतो, ह्यात कोणाचं दुमत नाही. ही कचोरी सुरू केली तीरथराम करमचंद शर्मा ह्यांनी. फाळणीनंतर पंजाबातून आलेले गृहस्थ. १९५० च्या आसपास शेगाव रेल्वे स्टेशनवर त्यांनी ती विकायला सुरुवात केली. वर न दही, न शेव, न चटणीचा थर. हातात घेतली, हिरवी मिरची तोंडी लावली, झालं. गाडीत बसलेल्या माणसाला खिडकीतून घेता यावी अशी. हावडा-मुंबई मार्गावर तिचं नाव झालं. आज आपण वऱ्हाडाची ओळख म्हणून पाहुण्यांना जी चीज बांधून देतो, ती एका निर्वासितानं पोट भरायला सुरू केलेली आहे. शेगावनं त्याला विचारलं नाही की बाबा तू कुठून आलास. विचारलं असतं तर आज पाहुण्यांना काय दिलं असतं?

आणि आता उपवास. एकादशी, चतुर्थी, नवरात्र. उपवासाला साधं मीठ चालत नाही म्हणून सैंधव वापरतो. सैंधव म्हणजे सिंधूकडचं. शब्दातच पत्ता लिहिलाय. हिंदीत त्याला लाहोरी नमकही म्हणतात. पाकिस्तानातल्या पंजाबात खेवड्याची खाण आहे, आपल्या बाजारात वर्षानुवर्षं आलेलं जवळपास सगळं सैंधव तिकडचं. आपल्याकडं हिमाचलात मंडी जिल्ह्यात थोडं निघतं, त्यानं देशाचे उपवास पार पडत नाहीत. खारीकही तशीच. लग्नात, ओटीत, पूजेच्या ताटात हळकुंड-सुपारी-बदामाच्या शेजारी जी खारीक ठेवतो, ती कित्येक वर्षं मुख्यतः सिंधमधल्या खैरपूरकडून येत होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामानंतर सरकारनं पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयात शुल्क लावलं, तेव्हा किराणा बाजारात खारकेचा भाव चढला. मग २ मे २०२५ ला सगळी आयातच बंद केली, थेट आणि दुसऱ्या देशामार्गे येणारीही. माझं ह्यावर काही म्हणणं नाही. सरकारचा निर्णय आहे, शत्रू देशाला पैसा जाऊ नये हे बरोबरच आहे. खारीक महाग झाली तर दोन कमी ठेवू ताटात.

हे मी मुद्दाम स्पष्ट लिहितोय, कारण कमेंटमध्ये पहिलं वाक्य काय येणार ते मला ठाऊक आहे. जवान मरतात आणि तुम्हाला खायचं सुचतं.

भाऊ, पुलवामात आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले दोन जवान गेले. मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांगऱ्याचे नितीन राठोड. १४ फेब्रुवारी २०१९. ती दोन्ही घरं आपल्या वऱ्हाडातली आहेत, त्यामुळं मला कोणी ह्या गोष्टीची आठवण करून द्यायची गरज नाही. ज्यांनी ते घडवलं त्यांचा राग मलाही तेवढाच आहे. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला पर्यटकांना जसं मारलं, ते वाचून माझी दोन रात्री झोप गेली होती. पण हा राग घेऊन जायचं कुठं? मसूद अझहरच्या दारात आपण जाऊ शकत नाही. म्हणून आपण जवळचं दार शोधतो, आणि ते दार हमखास चुकीच्या माणसाचं असतं.

उदाहरण पाहा. हैदराबादची 'कराची बेकरी'. खानचंद रामनानी नावाच्या सिंधी निर्वासितानं १९५३ मध्ये मोअज्जम जाही मार्केटमध्ये सुरू केली. सुटलेल्या गावाची आठवण म्हणून नाव ठेवलं. २०१९ मध्ये बंगळुरूच्या शाखेसमोर जमाव गेला आणि पाटीवरचं 'कराची' झाकावं लागलं. मे २०२५ मध्ये हैदराबादजवळ शमशाबादच्या शाखेच्या पाटीची तोडफोड झाली, मालकांनी दुकानांवर तिरंगे लावले आणि पोलीस संरक्षण मागितलं. मुंबईत वांद्र्याला 'कराची स्वीट्स' आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये एक कार्यकर्ता जाऊन म्हणाला, नाव बदला, मराठीत काहीतरी ठेवा. दुकानदारानं पाटीवर वर्तमानपत्राचे कागद चिकटवले. शिवसेनेच्याच संजय राऊतांना सांगावं लागलं की ही पक्षाची भूमिका नाही, ह्या दुकानांचा पाकिस्तानशी संबंध नाही. पण कागद तर चिकटलेच ना. ज्या माणसाला पाकिस्तान झालं म्हणून कराची सोडावी लागली, त्याच्याच नातवाला आपण सांगायचं की तुझ्या आजोबाच्या गावाचं नाव घेऊ नको. जिन्नांनी गाव घेतलं, आपण नाव घेतो.

जयपुरात तर एका मिठाईवाल्यानं म्हैसूरपाकातला 'पाक' काढून म्हैसूर श्री केलं. पाक म्हणजे साखरेचा पाक हो! आपल्याकडं पाकातल्या पुऱ्या करणाऱ्या आज्यांचं काय करायचं मग?

हसू येतं, पण आपल्या गावात ह्या गोष्टी हसण्यावारी राहत नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत त्रिपुरातल्या बातम्यांवरून आधी एक मोर्चा आणि दुसऱ्या दिवशी बंद, दोन्हींत दुकानं फुटली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात एका सोशल मीडिया पोस्टवरून दगडफेक झाली, एक माणूस गेला. दोन्ही वेळी हातगाडीवाले आठवडाभर बसून होते. त्यात हिंदूही होते, मुसलमानही. म्हणून गोश्ताच्या फोटोखाली 'पाकिस्तानी' असं लिहिणारा माझा मित्र जेव्हा म्हणतो की अरे गंमत होती, तेव्हा मला ती गंमत वाटत नाही. तो शब्द आज दुबईतल्या पोराला लागला, उद्या बाळापूरच्या खिचडावाल्याला लागतो. खरं तर अचलपूर-बाळापूरकडच्या मुसलमानांचं जेवण हे कधीच पाकिस्तानी नव्हतं. अचलपूर इमादशाहीची राजधानी होतं पाकिस्तानच्या साडेचारशे वर्षं आधी. तिथला मसाला वऱ्हाडी आहे, मिरची वऱ्हाडी आहे, आणि बोलीही "कायकू" म्हणता म्हणता "काहून" वर येते.

आणि सगळ्यात जास्त तो शब्द लागतो त्यांना, ज्यांच्या कागदावर खरंच 'पाकिस्तानी' लिहिलेलं आहे. हे फार लोकांना माहीत नसतं. फाळणीत सगळे सिंधी हिंदू आले नाहीत. मागं राहिलेल्यांपैकी लोक आजही येत असतात, दीर्घ मुदतीच्या व्हिसावर. नागपुरात अशांची संख्या राज्यात सगळ्यात मोठी, अमरावती-अकोल्यातही काही कुटुंबं आहेत. बरेचसे नातेवाइकांच्या दुकानात काम करतात. पहलगामनंतर सरकारनं पाकिस्तान्यांचे व्हिसे रद्द केले तेव्हा ह्या लोकांची पाचावर धारण बसली. परराष्ट्र मंत्रालयानं लगेच खुलासा केला की हिंदूंना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसे कायम आहेत. पण तोवर टीव्हीवर 'राज्यात इतके पाकिस्तानी' असे आकडे लाल अक्षरांत फिरत होते, आणि त्या आकड्यात देवळात चालिहो साहिबचा चाळीस दिवसांचा उपास धरणारी म्हातारीही मोजलेली होती.

ह्या लोकांच्या नागरिकत्वाची गोष्ट ऐका. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रानं काही जिल्हाधिकाऱ्यांना अधिकार दिले की तुमच्या पातळीवरच नागरिकत्व द्या. महाराष्ट्रातले त्या यादीत मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर. अमरावती नाही, अकोला नाही. म्हणजे जरीपटक्यातल्या माणसाचं काम नागपूरच्या कलेक्टर कचेरीत, आणि त्याच्याच चुलत भावाची रामपुरी कॅम्पातली फाईल दिल्लीच्या वाटेवर. पुढं सीएएचे नियम मार्च २०२४ मध्ये आले, पण ते ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसाठी. त्यानंतर आलेल्यानं जुन्याच नियमानं अकरा-बारा वर्षं काढायची. तोवर मत नाही, सरकारी नोकरी नाही, दुसऱ्या राज्यात लग्नाला जायचं तरी पोलिसांचा कागद.

ह्यांच्यासाठी ओरडणारे नेते मला दिसत नाहीत. दिसतात ते पाटीवरच्या नावासाठी ओरडणारे. चेटीचंडच्या मिरवणुकीत सगळे पक्ष सरबताचे स्टॉल लावतात, अमरावतीच्या संत कंवरराम धामात जाऊन डोकं टेकवतात. कंवररामांना सिंधमध्ये रुक स्टेशनवर १ नोव्हेंबर १९३९ ला गोळी घालून मारलं, आणि आज त्यांची गादी आपल्या गावात आहे, एवढी मोठी गोष्ट आपण पोस्टरावर छापून मोकळे होतो. २०२५ मध्ये राज्य सरकारनं सिंधी विस्थापितांच्या जमिनी नियमित करायला अभय योजना मंजूर केली, ते चांगलंच झालं. पंच्याहत्तर वर्षांनी का होईना. आता आमदार-खासदारांनी त्याच हातासरशी एक काम करावं. अमरावती आणि अकोल्याच्या कलेक्टरांनाही ते २०१६ चे अधिकार मिळवून द्यावेत, आणि कचेरीत किती फाईली किती वर्षांपासून पडून आहेत तो आकडा एकदा जाहीर करावा. पाटी बदलण्यापेक्षा ह्याला जास्त जोर लागतो, हे मला मान्य आहे.

भाच्याला मी सांगितलंय, फोटो परत टाक. तो नाही म्हणाला, आई रागावते. बहिणीला मी हीच पोस्ट पाठवणार आहे, तिच्या घरात सैंधवाचा डबा आहे आणि फ्रिजमध्ये शेगावच्या चार कचोऱ्या, मागच्या गुरुवारच्या.

ज्यांना खाली शिव्या द्यायच्या त्यांनी खुशाल द्याव्यात, मी डिलीट करत नाही. फक्त रविवारी सकाळी दाल पकवानच्या गाड्यावर भेटलात तर लपू नका. आणि साडेआठच्या आत या, नंतर डाळ उरते पण पकवान संपतात.